रिमांड होममधून पोरगं गावात परत येतं तेव्हा

पुण्यातली कोयत्याची बातमी आली की आमच्या न्हावऱ्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं, “अल्पवयीन म्हणून सुटतात, कायद्यानेच लाडावून ठेवलंय.” मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात दोन जीव गेले आणि सतरा वर्षांच्या मुलाला जामिनाच्या अटीत निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तर हा राग घरोघरी होता. राग चुकीचा नाही. पण हा कायदा कुणी काल-परवा लाड म्हणून आणलेला नाही, मंडळी.

१८५० च्या अप्रेंटिस कायद्याने किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली ठेवायची सोय केली. १८५७ च्या सुमारास मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ मध्ये अशा शाळांचा स्वतंत्र कायदा आला, १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा. इंग्रज काही दयाळू नव्हते. पोराला सराईतांच्या बराकीत टाकलं की ते सराईत होऊनच बाहेर येतं, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

याच इतिहासाची काळी बाजू मात्र आपल्या शिरूर-दौंडला जास्त जवळची आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवायला सुरुवात केली. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. १८९७ च्या दुरुस्तीने तर अशा जमातींची ४ ते १८ वर्षांची मुलं आईबापापासून तोडून सुधारवस्तीत ठेवायची मुभा दिली. चार वर्षांच्या पोराने काय गुन्हा केला होता? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर गेला. पण चोरी झाली की आजही पहिली नजर वस्तीकडेच वळते ना? खरं सांगा.

आता आजचा कायदा. २०१५ च्या कायद्याप्रमाणे पकडलेल्या मुलाला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, कोठडीत ठेवता येत नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी पाठवणं, फार तर तीन वर्षं विशेष गृह, असे मार्ग आहेत. ‘सगळेच सुटतात’ हेही खरं नाही. १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर तपासणी करून त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवता येतो.

याच कायद्यात एक तत्त्व आहे, नव्याने सुरुवात. काही विशेष प्रकरणं सोडली तर मुलाची जुनी नोंद मुदत संपल्यावर नष्ट करायची, तिच्यामुळे नोकरी अडता कामा नये.

कागद नष्ट होतो हो, पण गावाच्या तोंडचं काय? पोरगं परत आलं की गॅरेजवाला कामाला ठेवत नाही, शाळेत “दाखल्याचं बघू” म्हणतात, शेजारी आपली मुलं आत बोलावतात. मग त्याला हाक मारणारा एकच उरतो, ज्याच्या नादाने ते आत गेलं तो ‘भाई’.

पीडिताला न्याय मिळालाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण पोरगं शिक्षा भोगून आलं असेल तर त्याला पाना-पक्कड कोण हातात देणार, हे कोर्ट ठरवत नाही. ते आपण ठरवतो. तुमच्या गावात कुणी असं काम दिलंय का? जरूर लिहा. फक्त त्या पोराचं नाव लिहू नका.