रंगमहालात खुर्च्या का नव्हत्या

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या चांदवडला होळकरांचा वाडा आहे. गावात त्याला रंगमहाल म्हणतात. अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या वाड्यातले कोरीव सागवानी खांब, त्यांच्यामधल्या महिरपी आणि भिंतींवरची चित्रे पाहताना पाहुण्याच्या मनात एक शंका हमखास येते: एवढ्या देखण्या दालनांत सामान कसे काहीच नाही? नेले असेल, विकले असेल, असे उत्तरही तोच देऊन टाकतो. काही वस्तू गेल्या असणारच. जाजमे, लोड आणि समया दोन-अडीचशे वर्षे एका जागी कुठल्या टिकायला! पण दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी आणि जेवणघरात टेबलाच्या जागी आपले डोळे जे शोधतात, तशा मांडणीसाठी ही दालने बांधलेलीच नव्हती. म्हणून बैठकीचा आणि जेवणाचा काही आराखडाच नव्हता, असे मात्र समजू नये. तो होता, आणि आपल्यापेक्षा पक्का होता. आज घराची किल्ली हातात आल्यावर आपण टेप घेऊन जी मापे काढत बसतो, ती तेव्हा सुतार आणि गवंडी घर उभे करतानाच काढून मोकळे होत.

या आराखड्याचे मूळ माप म्हणजे खण, दोन खांबांमधले अंतर. तुळई किती लांबीची मिळते यावर ते ठरे आणि घराची ऐपतही खणांवरूनच सांगितली जाई. पण खण हे फक्त बांधकामाचे माप नव्हते. कोणाची बैठक कुठे, हेही त्यावरून ठरत असे. मधला खण मुख्य गादीचा, बाजूचे खण मानकऱ्यांचे किंवा कारकुनांचे, आणि त्यापलीकडे ओसरीची कड ही येणाऱ्याने थांबण्याची जागा. ओसरी चौकापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच, आतला सोपा ओसरीपेक्षा आणखी थोडा वर. या चढत्या पातळ्या म्हणजे दगडमातीत बांधलेल्या आसनांच्या रांगाच. खिडकीचे उंबरठे गुडघ्याच्याही खाली, कारण बाहेर पाहणारा माणूस उभा नसून बसलेला आहे, हे गवंड्याने धरलेले. दिव्याची देवळी आणि तांब्या-भांड्याचा कोनाडा बसल्या जागेवरून हात पोचेल असा. कपाटाचे काम भिंतीतले फडताळ करी, पगडी आणि उपरणे खुंटीवर जाई, झोपाळ्याच्या कड्या तुळईत आधीच ठोकलेल्या असत. जमिनीवरून उचलून बाजूला ठेवता येईल असे फारसे काही उरतच नसे. जे उरे ते गुंडाळता येण्यासारखे: जाजम, गादी, तक्क्या. सकाळी जिथे हिशेबाच्या वह्या उघडल्या, तिथेच दुपारी पाने मांडली आणि रात्री अंथरुणे पडली, तरी सुताराला पुन्हा बोलवावे लागत नसे.

जेवणाची मांडणी तर याहून काटेकोर. पाट ही पंगतीतली सर्वांत साधी वस्तू, एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. पण दोन पाटांत किती अंतर सोडायचे आणि समोरासमोरच्या दोन ओळींत किती, याचा नियम वाढप्याच्या पायांनी ठरवलेला होता. हातात वरणाचे भांडे घेऊन वाकलेला माणूस कुणाच्या पानाला पाय न लावता ओळीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. त्यामुळे मधली वाट रुंद, पानामागची जागा अरुंद आणि शक्य तर पाठीशी भिंत. पानावरही हीच शिस्त: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात मध्ये. आजच्या भाषेत सांगायचे तर वाहतुकीचा मार्ग, बसणाऱ्याची रुंदी आणि हात पोचण्याची कक्षा या तिन्हींचा विचार इथे झालेला आहे. अर्ध्या तासाने पाट उचलले, शेण लावले किंवा फरशी पुसली, की जेवणघर नाहीसे! टेबलाला हे जमत नाही. ते एकदा आले की जागा अडवून बसते, आणि म्हणूनच आपल्याकडे जेवणासाठी वेगळी खोली टेबलाच्या मागोमाग आली.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे नाइलाजाचे कौतुक आहे. खुर्ची-टेबल माहीत नव्हते किंवा परवडत नव्हते, म्हणून माणसे जमिनीवर बसत. चांदवडपुरते तरी हे टिकत नाही. ज्या सुताराने रंगमहालाचे खांब आणि महिरपी कोरल्या, त्याला चार पायांची खुर्ची जड जाणार नव्हती, आणि ज्या घराण्याची टांकसाळ चांदवडी रुपया पाडत होती, त्याला सागवान महाग नव्हते. माहितीचा प्रश्नही नव्हता. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्याला इंग्रजांचा वकील म्हणून आला, तेव्हापासून साहेबाचे टेबल मराठी दरबाराच्या परिचयाचे होते. त्याच मॅलेटने १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात केलेल्या तहाचे एक मोठे तैलचित्र आहे. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने ते १८०५ मध्ये पुरे केले. त्यात खांब-महिरपींचा तो भव्य दिवाणखाना भरलेला दिसतो आणि साहेब लोकही बिछायतीवरच बसलेले दिसतात. म्हणजे खुर्ची माहीत असूनही दरबाराने ती आत घेतली नाही. उलट खुर्चीवाल्याला जमिनीवर बसवले. शनिवारवाड्यातले ते दालन १८२८ च्या आगीत गेले. चांदवडच्या लाकडाला पुरावा म्हणून किंमत आहे ती यामुळेही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. राजवाड्यावरून लोकांच्या घरांचे अनुमान काढता येते का? मापांपुरते येते. उत्तर नाशिक आणि खानदेशातल्या धाब्याच्या घरातही खांब, तुळई आणि खण हीच रीत होती. खण दोन असोत की सात, कोनाडे, खुंट्या, बसण्याच्या उंचीचा हिशेब तोच. पण या मांडणीतला मोकळेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. जागा दिवसातून तीनदा बदलायची म्हणजे कोणीतरी दिवसातून तीनदा वाकायचे. जाजमे झटकणारे गडी आणि पाट मांडून उष्टी काढणाऱ्या बायका यांच्या श्रमांवर ती लवचीकता उभी होती, आणि त्याच बायका पुरुषांची पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात जेवायला बसत. खणांनी मान ठरवला तसा अपमानही ठरवला. ओसरीच्या पायरीपलीकडे ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्यासाठी तो चढता आराखडा म्हणजे दगडात बांधलेली बंदीच होती. कचेरी, शाळा आणि रेल्वेचा डबा यांतल्या बाकांची आणि खुर्च्यांची उंची जातीप्रमाणे कमी-जास्त नव्हती, ही गोष्ट लहान नाही. १८९० मध्ये पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य पेटले, तेव्हाही खरा वाद कप कुठे ठेवला याचा नसून तो कोणाच्या घरचा होता, याचा होता. वाड्याच्या रिकाम्या दालनांवर आज जे हळवे लेखन होते, त्यात हा हिशेब सहसा सापडत नाही. पण तो मांडला तरी माझा मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, उलट घट्ट होतो: मांडणी बांधकामात गोठवलेली होती म्हणूनच ती मोडायला इतकी कठीण गेली.

ती मोडली कशी, हे पाहायला होळकरांचेच घराणे सोयीचे आहे. मंदसोरच्या तहाने १८१८ मध्ये त्यांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनीकडे गेला आणि घराण्याचा सगळा कारभार इंदूरला एकवटला. तिथे १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ पर्यंत बांधला गेलेला लालबाग राजवाडा हे युरोपीय धाटणीचे काम आहे: नाचाचे दालन वेगळे, मेजवानीचे वेगळे, आणि प्रत्येकात तेवढ्या एकाच कामाचे सामान. इथे खोलीचा उपयोग खांबांवरून कळत नाही, सामानावरून कळतो. पुढे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० ते १९३३ या काळात जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग बांधून घेतली. दिव्यांपासून खुर्च्यांपर्यंत बरेचसे काम त्याने स्वतः आखले, आणि जोडीला आयलीन ग्रे, रूलमान, ल कॉर्बुझिए अशा त्या काळातल्या नामांकितांचे सामान युरोपातून आले. घर आणि मांडणी एकाच हाताने आखण्याची जुनी रीत एका अर्थाने परत आली, पण आता ती मांडणी सुट्या वस्तूंमध्ये होती. १९८० मध्ये मोंते कार्लोला त्या वस्तूंचा लिलाव झाला, आणि माणिकबागेत सरकारी कचेरी असायला काही अडचण आली नाही. रंगमहालाची बैठक अशी लिलावात काढता येत नाही. वाड्यांचे खांब जुन्या लाकडाच्या बाजारात विकले जातात हे खरे, पण त्यासाठी आधी वाडा पाडावा लागतो.

सामान्य घरात हा बदल राजवाड्याइतका एकदम झाला नाही. आधी ओसरीवर पाहुण्यासाठी एक खुर्ची आली, मग लोखंडी कपाटाने फडताळाला सुट्टी दिली, मग सोफासेट आणि शेवटी डायनिंग टेबल. स्वयंपाकाचा ओटा उभ्याने काम करण्याचा झाला, तेव्हा जमिनीवर वाढण्याची सोयच संपली, आणि घरातली बाई घरच्यांबरोबर त्याच वेळी जेवायला बसू लागली त्यात या ओट्याचा आणि टेबलाचा वाटा मोठा आहे. टेबलाविरुद्ध तक्रार करणाऱ्याने एवढे श्रेय त्याला द्यावे. तक्रार टेबलाची नाहीच. तक्रार ही की भिंती आता काहीच करीत नाहीत. चांदवडला महामार्गालगत उठणाऱ्या नव्या इमारतींच्या नकाशात सोफा, पलंग आणि टेबलाच्या आकृत्या छापलेल्या असतात, पण कोनाडा नाही, बसता येईल असा खिडकीचा कट्टा नाही, खुंटी नाही. सत्यनारायणाच्या दिवशी सोफा गॅलरीत जातो आणि सतरंजी पसरली जाते. म्हणजे जुना उपयोग शिल्लक आहे, त्याला जागा देणारे बांधकाम गेले आहे. झोपाळ्याची कडीसुद्धा स्लॅब ओतण्याआधी सळईला बांधून घ्यावी लागते. घर घेणाऱ्याला हे बहुधा राहायला आल्यावर आठवते. मग लोखंडी स्टँडचा झोपाळा विकत येतो आणि हॉलमधली टीव्हीसमोरची सगळी जागा अडवून बसतो.