रत्नागिरीची घरे, केपटाऊनची दुकाने

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा इतिहास मराठी वाचकापर्यंत बहुधा डर्बनमार्गे पोहोचतो, कारण १८६० मध्ये मद्रासहून ‘ट्रुरो’ जहाजाने नाताळच्या किनाऱ्यावर उतरलेले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आणि १८९३ मध्ये वकिलीच्या कामासाठी तेथे गेलेले गांधी या दोन घटनांनी त्या इतिहासाची चौकट ठरून गेली आहे. या चौकटीत न बसणारी एक वस्ती त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, केपटाऊनमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेली आणि तिचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील व शेजारच्या जंजिरा संस्थानातील, म्हणजे बोलीभाषेतील हबसाणातील, कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांत होते. ही माणसे स्वतःच्या पैशाने किंवा नातलगांकडून उसनवारी करून तिकीट काढून गेली, म्हणून इतिहासकार त्यांना ‘प्रवासी भारतीय’ या वर्गात घालतात. मात्र या नावामुळे डोळ्यांसमोर येणारा सधन व्यापारी त्यांच्यात क्वचितच होता, बहुतेक जण दुकानातले नोकर, फेरीवाले, शिंपी किंवा अंगमेहनतीची कामे करणारे होते.

रत्नागिरी शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या पाली येथे आज मुंबई-गोवा महामार्गाला आंबा घाटातून उतरणारा कोल्हापूरचा रस्ता येऊन मिळतो, त्यामुळे या मुलखाचे तोंड रस्त्याकडे आहे असे वाटते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते समुद्राकडे होते. कातळ आणि वरकस, म्हणजे नाचणी-वरीपुरती उपयोगाची डोंगरउताराची जमीन, यांच्यावर घर वर्षभर चालत नसे, आणि मुंबई इलाख्याच्या १८८० च्या गॅझेटिअरनेही या जिल्ह्यातून मुंबईकडे व लष्कराकडे जाणाऱ्या माणसांची ठळक नोंद घेतली आहे. मुंबईला जाणारी आगबोट बंदरापासून दूर खोल पाण्यात उभी राहत असे, उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. खाडीकाठच्या मुसलमानांना याच वाटेने पुढचे जग दिसले, कारण पी. अँड ओ. सारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरीचे असत आणि त्यांचा मुकादम, म्हणजे सारंग, आपल्याच गावातली आणि नात्यातली माणसे भरती करी. कोणत्या बंदरात काम मिळते ही माहिती गावात येण्यासाठी याहून खात्रीचे साधन दुसरे नव्हते.

१८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धाने केपटाऊनचे बंदर सैन्याने आणि मालाने भरून गेले व शहरात कामाला माणसे कमी पडू लागली. टेबल पर्वताच्या पायथ्याशी, गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ या दाट वस्तीत भारतीयांनी खोल्या घेतल्या. पुढे वुडस्टॉक, सॉल्ट रिव्हर आणि क्लेअरमाँट येथेही त्यांची दुकाने निघाली. हॅनोव्हर स्ट्रीट हा डिस्ट्रिक्ट सिक्सचा मुख्य रस्ता, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज, ज्यू, आफ्रिकी व भारतीय कुटुंबे शेजारी राहत. कोपऱ्यावरचे दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे राही, साखर, चहा आणि रॉकेल अगदी थोड्या मापाने व उधारीवर मिळे, आणि दुकानातला नोकर बहुधा गावाकडचाच असून रात्री तेथेच किंवा मागच्या खोलीत झोपे. मासळीवाल्याची गाडी आल्याची वर्दी शिंगाच्या आवाजाने मिळे, आणि हे शिंग पूर्वी केल्प नावाच्या प्रचंड समुद्री शेवाळाच्या वाळलेल्या पोकळ देठाचे केलेले असे. गाडीवर मुख्यतः स्नूक हा लांबट, तेलकट मासा असे, आणि मासळीवर वाढलेल्या कोकणी माणसाला हा बाजार परका वाटण्याचे कारण नव्हते.

या शहरात कोकणी माणूस रुजला याचे एक कारण धर्मशास्त्रात आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या-अठराव्या शतकांत जावा-सुमात्रेच्या बाजूने आणलेल्या गुलाम व हद्दपार माणसांमधून केपमधला ‘मलाय’ म्हटला जाणारा मुस्लिम समाज तयार झाला, आणि बो-काप या उतारावरच्या वस्तीतील अव्वल मशीद ही त्याची अठराव्या शतकाच्या अखेरची पहिली मशीद होय. हा समाज शाफिई पंथाचा, म्हणजे इस्लामी आचारधर्माच्या चार प्रमुख परंपरांपैकी इमाम शाफिई यांची परंपरा मानणारा आहे; कोकणी मुसलमानही शाफिईच आहेत, तर गुजरातेतून आलेले मुसलमान प्रामुख्याने हनफी होते. अरबी समुद्राच्या व्यापारातून कोकणाला मिळालेला हा वारसा केपमध्ये अनपेक्षितपणे उपयोगी पडला, कारण नमाज आणि लग्नाचे विधी यांत दोन्हीकडची रीत जुळत होती, आणि बायको रत्नागिरीस ठेवून आलेल्या किंवा अविवाहित अशा अनेक पुरुषांनी मलाय घरांत लग्ने केली.

दोन काठांवरच्या या संसाराची दोरी कागदाच्या हाती होती. केप वसाहतीच्या १९०२ च्या कायद्याने युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घालून नव्या भारतीयांची वाट जवळजवळ बंद केली, आणि १९०६ च्या कायद्याने आधीपासून राहणाऱ्या भारतीयालाही तात्पुरते गावी जाण्यासाठी परवाना घेणे भाग पाडले. एक पौंड भरून मिळणाऱ्या या परवान्यावर छायाचित्र आणि अंगठ्याचे ठसे असत. ठरलेली मुदत टळली की वर्षानुवर्षे केपमध्ये दुकान चालवणारा माणूससुद्धा बंदरावर नवखा ठरे आणि त्याला परत फिरवले जाई. म्हणजे घराचे बांधकाम, बहिणीचे लग्न किंवा आईचे आजारपण ही कामे शेतीच्या किंवा पावसाच्या हिशेबाने नव्हे, तर परवान्यावरच्या तारखेच्या हिशेबाने उरकावी लागत. सोळा वर्षांखालील मुलाला वडिलांकडे येण्याची मुभा होती. परंतु मुलगा खरोखर त्यांचाच आहे का, या संशयाने बापलेकांच्या वेगवेगळ्या जबान्या होत आणि वय ठरवण्यासाठी डॉक्टरांची तपासणी होई. पुतण्या किंवा भाचा मुलगा म्हणून आणल्याची प्रकरणेही घडली, आणि ज्या समाजात एकत्र कुटुंबातील सर्व मुले घरचीच मानली जातात तेथे या प्रकरणांना केवळ फसवणूक म्हणणे न्यायाचे नाही.

स्त्रियांची कहाणी याहून कठोर आहे. मार्च १९१३ मध्ये केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला, की बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्मानुसार भारतात झालेला विवाह तेथे ग्राह्य धरता येत नाही. या निकालाने भारतीय स्त्रिया गांधींच्या सत्याग्रहात उतरल्या आणि १९१४ च्या कायद्याने एका पत्नीला मान्यता मिळाली. तरीही रत्नागिरीच्या फार थोड्या स्त्रिया लगेच गेल्या, कारण शेत, सासू-सासरे आणि घरदार सांभाळणे त्यांच्याकडेच होते. १९२७ च्या केपटाऊन करारानंतर लहान मुलाने आईसह यावे अशी अट आली, तेव्हा कुटुंबांचे स्थलांतर वाढले. १९४६ मध्ये भारताने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि १९५३ मध्ये भारतातून पत्नी व मुले आणण्याची सोय दक्षिण आफ्रिकेने बंद केली. तोपर्यंत जे घर ज्या काठावर होते ते तेथेच राहिले.

वंशागणिक वस्त्या वेगळ्या करणारा ‘ग्रुप एरियाज’ कायदा १९५० मध्ये झाला आणि ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाले. साठ हजारांवर माणसे तेथून उठवली गेली, घरे-दुकाने पाडली गेली, मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. भारतीयांसाठी रायलँड्स आणि क्रेव्हनबी या वस्त्या नेमून दिल्या गेल्या. डिसेंबर १९९४ मध्ये ब्युटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय उघडले, आणि २००४ मध्ये मूळ रहिवाशांपैकी पहिल्या काहींना त्या जागी पुन्हा घरे मिळाली. परवान्यांच्या आणि जबान्यांच्या फाइली केपटाऊनच्या रोलंड स्ट्रीटवरील अभिलेखागारात आहेत, आणि कोकणातली गावे, नाती व चेहरे त्यांत ज्या बारकाईने नोंदले गेले आहेत ती बारकाई संशयातून आलेली असली, तरी रत्नागिरीच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने त्या फाइली महसुली दप्तराइतक्याच आपल्या मानून वाचल्या पाहिजेत.