अफूला शरीरात जागा कुणी दिली?

१९७० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात जॉन ह्यूज नावाचा तरुण संशोधक भल्या पहाटे सायकल दामटत कत्तलखाना गाठायचा. सोबत कोरडा बर्फ आणि तिथल्या कामगारांना खूश ठेवायला व्हिस्कीची बाटली. परतताना पिशवीत डुकरांचे मेंदू असायचे.

त्या मेंदूंत तो एका जुन्या कोड्याचं उत्तर शोधत होता. अफूचा चीक माणूस हजारो वर्षं दुखण्यावर वापरत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या फ्रीडरिख सेर्ट्युर्नर याने त्यातून मॉर्फिन वेगळं काढलं. गुण कशाने येतो ते कळलं; तो शरीरात नेमका कुठे लागू पडतो, हे मात्र पुढची दीडशे वर्षं कुणी दाखवू शकलं नाही.

एक धागा हाती होता. लेव्हॉर्फॅनॉल हे मॉर्फिनसारखं औषध वेदना शमवतं. आरशात पाहावं तशी उलटी ठेवण असलेला त्याचा जोडीदार, डेक्स्ट्रॉर्फॅन, तसं करत नाही. घटक तेच, पण ठेवण बदलली की गुण गेला. याचा अर्थ पेशींवर त्या ठेवणीशी जुळणारी जागा असली पाहिजे.

१९७३ साली ती सापडली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅन्डेस पर्ट ही विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी मॉर्फिनचा उतारा असलेल्या नॅलॉक्सोनला किरणोत्सारी खूण केली आणि ते उंदरांच्या मेंदूतल्या ठरावीक जागी चिकटतं हे मोजून दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशा जागा दाखवल्या. या जागा म्हणजे ओपिऑइड रिसेप्टर.

पण एका झाडाच्या चिकासाठी मेंदूत जागा राखीव कशी? शरीर स्वतःच तसा पदार्थ बनवत असणार, असं ह्यूजचे ज्येष्ठ सहकारी हान्स कोस्टरलिट्झ यांना वाटत होतं. नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागलेला हा शास्त्रज्ञ तेव्हा सत्तरीत होता. त्यांची परीक्षा साधी होती. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा विजेच्या हलक्या धक्क्याने आकुंचन पावतो. त्यावर मॉर्फिन घातलं की आकुंचन मंदावतं, नॅलॉक्सोन घातलं की पूर्ववत होतं. डुकराच्या मेंदूच्या अर्कानेही तसंच घडलं. डिसेंबर १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये त्या पदार्थांची रचना छापून आली: पाच-पाच अमिनो आम्लांची दोन एन्केफॅलिन, फरक फक्त शेवटच्या आम्लाचा.

ओपिऑइड रिसेप्टर वेदनेचा निरोप वाटेत अडवतात. मज्जारज्जूत मॉर्फिन त्यांतल्या 'म्यू' प्रकारच्या रिसेप्टरवर बसलं की निरोप पाठवणाऱ्या चेतापेशीत कॅल्शियम कमी शिरतं आणि तिच्याकडून रसायनं कमी सुटतात. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती सहजी चेतत नाही. जखम असते तिथेच, पण तिची वर्दी मेंदूपर्यंत क्षीण होऊन पोचते.

हेच म्यू रिसेप्टर श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या भागात आणि आतड्यातही असतात. म्हणून मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, आणि नेहमीच्या मात्रेतही बद्धकोष्ठ होतो. आराम आणि धोका एकाच ठिकाणाहून येतात. नॅलॉक्सोन त्याच जागेवरून मॉर्फिनला हुसकावतं, म्हणून अतिमात्रेत ते जीव वाचवू शकतं.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कडक अटींमुळे मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणं अवघड झालं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली, पण मॉर्फिनबद्दलची घराघरांतली भीती कायद्याने जात नाही. घरातलं माणूस कॅन्सरच्या कळा सोसत असेल, तर मॉर्फिनचं नाव ऐकून मागे हटू नका. मात्रा किती, श्वासावर लक्ष कसं ठेवायचं, पोट साफ राहायला सोबत काय द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा आणि त्यांच्या देखरेखीखाली ते औषध द्या.