व्याजदर उतरवला, महागाई का उतरली नाही?

डिसेंबर 2021मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान म्हणाले होते की मुसलमान म्हणून 'नस' जे सांगते तेच मी करत राहीन. नस म्हणजे कुरआन-हदीसमधले स्पष्ट वचन. उर्दूतही हा शब्द आहे, मराठीतल्या हाताच्या नसेशी त्याचा संबंध नाही. त्यांचा रोख व्याजावर होता. व्याज हे कारण आणि महागाई हा त्याचा परिणाम, असे ते अनेक वर्षे सांगत होते. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा बऱ्याच जणांना आनंद झाला. सूद हराम आहे हे उघड बोलणारा एक तरी राष्ट्रप्रमुख आहे! मी भाषा शिकवतो, अर्थशास्त्र नाही. पण पुढे काय घडले ते पाहून मला त्या आनंदात सामील होता येत नाही.

मार्च 2021मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाजी अग्बाल यांनी व्याजदर 19 टक्क्यांवर नेला आणि दोनच दिवसांत त्यांना घरी पाठवण्यात आले. सप्टेंबरपासून कपात सुरू झाली, डिसेंबरमध्ये दर 14 टक्के. तोवर सुमारे साडेआठ लिरांना मिळणारा डॉलर 20 डिसेंबरला 18च्या वर गेला. लिरात पैसे ठेवले तर बुडणार, हे दिसताच लोक डॉलर आणि सोन्याकडे धावले. बाहेरून येणारे तेल आणि गॅस महागले. इस्तंबूलमध्ये पालिकेच्या स्वस्त पावासाठी रांगा लागल्या. ऑक्टोबर 2022मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई 85 टक्क्यांवर पोहोचली. युक्रेनचे युद्ध होते, खरे. पण त्याची झळ बसलेल्या युरो चलनाच्या देशांत त्याच महिन्यात ती 11 टक्क्यांच्या आत होती.

बरे, व्याज तरी गेले का? 14 टक्के हेही व्याजच. उलट लिरा सावरायला सरकारने ठेवींची नवी योजना काढली: व्याज मिळेलच, आणि लिरा त्याहून जास्त घसरला तर फरकाची भरपाईही मिळेल. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला व्याजावर भरपाई, आणि तिचा बोजा पावाच्या रांगेतल्या माणसाच्या करावरही. हे नसचे नाव घेऊन झाले, याचे मला जास्त वाईट वाटते.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत अल-मकरीझी यांनी दुष्काळ आणि महागाईवर एक पुस्तक लिहिले. ते तिथे काही काळ मुहतसिब, म्हणजे बाजारावर देखरेख करणारे अधिकारी होते. मध्यवर्ती बँक तेव्हा कुठली! नाईलचे पाणी कमी आले एवढ्यावर त्यांनी भागवले नाही. पदे विकणारा दरबार, जमिनीचा वाढता खंड आणि बाजारात ओतलेली तांब्याची 'फुलूस' नाणी, यांच्यावर त्यांनी बोट ठेवले. दुष्काळ संपल्यावरही नाणे खोटेच राहते, आणि मजुराला मजुरी त्याच नाण्यात मिळते. सूदविरोधी भाषणांत हा मुद्दा मला क्वचितच ऐकायला मिळतो.

मग दर वाढवला की महागाई जाते का? तुर्कस्तानने तेही करून पाहिले. जून 2023मध्ये मेहमेत शिमशेक अर्थमंत्री झाले. 8.5 टक्क्यांपर्यंत उतरलेला दर मार्च 2024पर्यंत 50वर गेला. तरी मे 2024मध्ये महागाई 75 टक्के होती; वर्षअखेर ती 44वर आली. उतरली, पण सावकाश, आणि एकट्या व्याजदराने नाही. आधीची दोन वर्षे जुलैमध्ये किमान वेतन वाढवले होते, ते 2024मध्ये वाढवले नाही. जानेवारीपासून लागू झालेल्या 17,002 लिरांवर तिथल्या कामगाराने डिसेंबरपर्यंत घर चालवले.