रावपुऱ्यातले घड्याळजी अण्णा

रावपुऱ्याच्या टॉवरपासून पाच मिनिटांवर आमच्या आजोबांचं, अण्णांचं, घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक काचेची पेटी, एक टेबल, एक दिवा. बडोद्याच्या जुन्या मंडळींपैकी कुणाला आठवत असेल तर जरूर सांगा.

अण्णांचा जन्म १९१८चा. सोळाव्या वर्षी ते मुंबईला एका पारशी घड्याळजीकडे शिकायला राहिले. पहिलं वर्षभर काम एकच, पेट्रोलमध्ये सुटे भाग धुवायचे. त्या काळी मुंबईत दोन टाइम चालत. रेल्वेचा स्टँडर्ड टाइम आणि त्याच्या ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम. महापालिकेने तर आपला टाइम बरीच वर्षं सोडला नाही. त्यामुळे दुरुस्त घड्याळ हातात देताना गिऱ्हाइकाला विचारावं लागे, "रेल्वेचा लावू की बॉम्बेचा?" हे सांगताना अण्णा म्हातारपणीही हसायचे.

१९४१ला ते बडोद्याला परतले. सयाजीराव महाराजांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६०ला गुजरात वेगळा झाला. नात्यातले काहीजण पुण्याला गेले, अण्णांनाही बोलावत होते. अण्णा म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं इथं आहेत, तिथं मला कोण ओळखतो?" दुकानाची वही गुजरातीत, घरचा जमाखर्च मराठीत, असं शेवटपर्यंत चाललं. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, क्यारे मळशे?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "काले आवजो." ते 'काले' कधीकधी आठ दिवसांनी यायचं, ही गोष्ट वेगळी!

बंगळूरला १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि अण्णांचे बरे दिवस आले. एचएमटी जनता म्हणजे १७ ज्वेलचं, रोज चावी द्यायचं घड्याळ. त्याचं बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला चार लाखांवर. तेल सुकतं, धूळ बसते. दोन-तीन वर्षांनी घड्याळ उघडून, धुऊन, तेल द्यावंच लागतं. माझ्या तिन्ही आत्यांची लग्नं आणि बाबांचं इंजिनियरिंग या तेलपाण्यावर झालं.

अण्णांच्या सत्तरीला बाबांनी पगारातून टायटनचं क्वार्ट्झ घड्याळ आणलं. अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं. आत सेल, एक बारीक कॉइल, थोडी चाकं. बराच वेळ बघून म्हणाले, "यात माझ्यासाठी काही ठेवलंच नाही रे." झाकण लावून घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं. बाबांना फार लागलं. दोघं महिनाभर कामापुरतंच बोलत होते. त्यानंतर आठ वर्षं दुकान चाललं, पण बहुतेक सेल आणि पट्टे बदलण्यावर. ते काम अण्णांनी विनातक्रार केलं. पुढे मोतीबिंदू झाला, दुकान सोडलं, टेबल दांडिया बाजारातल्या घरी आलं.

२००७ मध्ये अण्णा गेले. ड्रॉवर उघडला तर लोकांनी परत न नेलेली ३१ घड्याळं निघाली, प्रत्येकाला गुजरातीत नावाची चिठ्ठी. तळाशी ते टायटन, चालू. त्याला चिठ्ठी मराठीत होती. बाबांचं घरातलं नाव, आणि खाली सेल बदलल्याच्या तारखा, ओळीने. शेवटची २००६ची.

ते आता बाबांच्या हातात असतं. बाकीची ३१ आमच्याकडेच आहेत. चिठ्ठ्यांवर नावं आहेत, पत्ते नाहीत.