बुद्धापुढची फुले : सोपारा ते काल्हेर

वंदनेच्या वेळी आपण तथागतांच्या मूर्तीपुढे फुले वाहतो. दीप, धूप, फूल हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण ही चाल किती जुनी आणि आपल्या या खाडीकाठच्या मुलखाशी तिचे नाते काय, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

काल्हेरच्या खाडीने खाली खाली गेले की वसई लागते आणि वसईच्या उत्तरेला सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथल्या बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा, असे एकात एक करंडे. त्यांत भिक्षापात्राचे तुकडे आणि सोन्याची फुले होती! मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने हा ठेवा जपला आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत तर एका मालाकाराच्या, म्हणजे फुलांच्या माळा करणाऱ्याच्या दानाचा शिलालेख आहे. लेणी काय नुसत्या राजांनी आणि शेटजींनी कोरवली? हार विकून पोट भरणाऱ्यानेही त्यात आपला वाटा दिला.

मधली शतके आपल्यासाठी अंधारात गेली. मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. नागपूरला भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेताना परमपूज्य बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी बुद्धमूर्तीला तीन वेळा वंदन करून पांढरी कमळे वाहिली. सोपाऱ्याच्या सोन्याच्या फुलांपेक्षा आम्हाला ती कमळे मोलाची वाटतात.

आता जरा लांबचे बघू. धम्म चीन, कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानला पोचला. तिथे बुद्धापुढे ठेवायच्या फुलांची पुढे मोठी कला झाली. तिला इकेबाना म्हणतात. क्योतो शहरात रोक्काकुदो नावाचे विहार आहे. तिथले पुजारी तळ्याकाठच्या कुटीत राहत, म्हणून त्यांच्या घराण्याला 'इकेनोबो', म्हणजे तळ्याकाठची कुटी, हे नाव पडले. त्यांच्यातल्या सेनकेई यांनी फुले रचल्याची नोंद १४६२ सालच्या एका भिक्षूच्या रोजनिशीत आहे. ते घराणे आजही ही कला शिकवते.

त्यांचे एक आवडते फूल म्हणजे आयरिस. याची पात आपल्या वेखंडासारखी, तलवारीसारखी उभी, फूल जांभळे-निळे. एक जात तर पायाशी पाणी असलेल्या दलदलीतच वाढते. रचताना पानांचा जुडगा सुटा करतात, एकेक पान निवडतात आणि हवे तसे पुन्हा जुळवतात. वसंतात फूल पानांच्या आत बुटके ठेवायचे, उन्हाळ्यात पानांच्या वर काढायचे. आणि हिवाळा जवळ आला की पिवळे पडलेले, वाळके पानही मुद्दाम ठेवायचे. आपल्याकडे असे पान कोणी पहिल्यांदा खुडून टाकेल! पण आपण पुष्पपूजेच्या गाथेत काय म्हणतो? हे फूल जसे कोमेजते, तसेच हे शरीरही. जपानी माणसाने तोच अर्थ एका वाळक्या पानात ठेवला.

म्हणूनच हल्ली काही ठिकाणी मूर्तीपुढे प्लॅस्टिकची फुले दिसतात ती आम्हाला खटकतात. धूळ बसली की धुवायची, पुन्हा तीच. मग कोमेजणार काय? कोणी म्हणेल, सोपाऱ्याची सोन्याची फुले तरी कुठे कोमेजली? बरोबर आहे. पण ती धातूंसोबत कायमची आत बंद केलेली होती, रोजच्या वंदनेची नव्हेत.

जपानची ती आयरिस काल्हेरच्या उकाड्यात काही फुलायची नाही, तिला थंडी लागते. आपल्याला कमळ आहे. पूर्वी गावात भातशेती होती, आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली. त्यामुळे फुले कल्याणच्या बाजारातून आणावी लागतात. पण कमळाला तळेच लागते असे नाही. अर्धा कापलेला ड्रम घ्यावा, तळाला शेतातली चिकणमाती वीतभर घालावी, कंद आडवा पुरावा, त्याचा कोंब मात्र वर उघडा ठेवावा. वर चार-सहा बोटे गोडे पाणी. खाडीचे खारे पाणी घातले तर संपलेच. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी, आणि डास होऊ नयेत म्हणून पाण्यात चार गप्पी मासे सोडावेत. वैशाखात कमळाचा भरवसा धरू नये. बुद्धपौर्णिमेला मोगरा असतोच, तो कुंडीतही होतो.

कमळ पहाटे कापावे आणि देठ लगेच पाण्यात बुडवावा. मूर्तीपुढे हार-गुच्छांचा ढीग लावण्यापेक्षा पितळी तांब्यात एक कमळ, एक कळी आणि एक पान, एवढेच ठेवले तरी शोभते. सांची आणि अमरावतीच्या शिल्पांत कमळांनी भरलेला पूर्णघट कोरलेला आहे, तो असाच एक तांब्या. दुसऱ्या दिवशी सुकलेले फूल त्याच ड्रमाशेजारच्या मोगऱ्याच्या मुळाशी घालावे.