आश्रय बदलला तेव्हा

गोव्याच्या सीमेवरचा दोडामार्ग पूर्वी सावंतवाडी संस्थानात होता. जत्रेतला दशावतार, देवळातले भजन यांतून मुलांच्या कानावर सूर पडत. मात्र रीतसर शास्त्रीय तालमीला राजाश्रय किंवा गुरूचे घर लागे. हा उंबरठा गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी ओलांडला. ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांच्या तिकिटांवर. उपदेशक वर्गातल्या गरजू मुलांचे जेवणखाण, राहणे संस्थेकडे असे आणि शिकून झाल्यावर त्यांनी इतरांना शिकवावे, ही अपेक्षा. माझ्या मते खरे दान हेच: एकाला दिलेला घास पुढे अनेकांच्या गळ्यात उतरतो.

यावर आक्षेप असा की, देणग्यांचा भरवसा नसतो. पुढे मुंबईत उभारलेली त्यांच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेलीच. ते खरे आहे. पण दगडमाती गेली तरी शिष्य उरले, आणि पलुसकर गेले त्याच १९३१ साली या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. म्हणून दोडामार्गसारख्या तालुक्यात देणगीदाराने सभागृहाआधी शिक्षकाचे मानधन आणि मुलांच्या पेट्या-तबल्यांचा खर्च उचलावा.